भार पडल्यावरच मोजावे

घरी बनवलेला बिनतारी स्पीकर ही आता श्रीगोंदा तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरही नवलाची वस्तू राहिलेली नाही. एक लिथियम सेल, चार्जिंगचा छोटा बोर्ड, ब्लूटूथचा व अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधला स्पीकर एवढे साहित्य जमले की काम भागते. तो बनवणे सोपे. पण बंद पडला की दोष नेमका कोठे आहे, हे शोधणे अवघड. तो कसा शोधावा, याचा प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे.

प्रथम सेलची ओळख करून घेऊ. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो. वापरात तो बराच वेळ ३.७ च्या आसपास राहतो आणि ३ व्होल्टवर आला की सेल रिकामा समजावा.

वस्तीवर वीज नसताना आजोबांना हरिपाठ ऐकता यावा, म्हणून मी असा स्पीकर बनवला. हळू आवाजात तो उत्तम चाले. पण आवाज वाढवला आणि मृदंगाची थाप पडली की गप्प होई. क्षणभराने ब्लूटूथ जोडल्याचा सूर वाजे आणि पुन्हा तेच. मल्टीमीटर लावला, तर सेल ३.९ व्होल्ट दाखवी. "सेल ठीक आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच खराब," असा निष्कर्ष मी काढला. आईने खुरपणीच्या रोजातून पैसे दिले. नवा बोर्ड आणला. दोष जागच्या जागीच राहिला.

चूक मोजण्याच्या वेळेत होती. गोठ्यात उभा बैल जोमदारच दिसतो. मानेवर जू आल्यावर त्याचा दम कळतो. सेलचे व तारांचेही तसेच आहे. प्रवाह वाहत नसताना तारेत दाब कमी होत नाही. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह गुणिले रोध एवढा दाब वाटेत खर्च होतो. रोध ०.६ ओहम आणि प्रवाह १ अँपिअर असेल, तर ०.६ व्होल्ट वाटेतच जातात.

मग स्पीकर मोठ्याने वाजत ठेवून मी पुन्हा मोजले. सेलवर ३.७ व्होल्ट होते, पण बोर्डावर ३.१ च. माझ्या ब्लूटूथ बोर्डाला किमान ३.३ व्होल्ट लागतात. म्हणून तो बंद पडून पुन्हा सुरू होत होता. वाटेतला चोर शोधण्याची रीत सोपी आहे. स्पीकर वाजत असताना मल्टीमीटरची दोन टोके एकाच तारेच्या दोन टोकांना लावावीत. दिसेल तो आकडा म्हणजे त्या तारेतील तूट. मी जुन्या इअरफोनची केसासारखी बारीक तार वापरली होती, तिच्यात ०.४ व्होल्ट जात होते. उरलेले ०.२ स्विचच्या कच्च्या जोडात जात होते. असल्या जोडाला दुरुस्ती करणारे 'ड्राय सोल्डर' म्हणतात. जाड तार घातली, जोड पक्का केला आणि दोष गेला. याउलट, आवाज वाढवताच खुद्द सेलवरचाच दाब झपाट्याने घसरला असता, तर सेल थकला असे समजलो असतो.

चार्जिंगच्या तक्रारींतही हीच दृष्टी ठेवावी. १ अँपिअर घेणाऱ्या बोर्डाला अर्ध्या अँपिअरचा जुना चार्जर पुरत नाही. स्पीकर वाजवत चार्ज केल्यास सेल भरला की नाही, हे चार्जिंग बोर्डाला नीट कळत नाही. म्हणून स्विच बंद करूनच चार्ज करावे. फुगलेला सेल वापरू नये. सेलची दोन टोके तारेने थेट जोडू नयेत, आणि सेलवर सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवू नये. आग लागण्याचा धोका असतो.

विद्यार्थी मित्रहो, सुटा भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी मोजावे, आणि तेही काम चालू असताना. हे मला अगोदर कळते, तर आईच्या रोजाचे पैसे वाचले असते. आता आजोबांचा हरिपाठ शेवटच्या अभंगापर्यंत अखंड चालतो.

— द्वितीय वर्ष, कला