गुणसूत्राचा हरवलेला तुकडा



आनुवंशिकतेच्या तासाला फळ्यावर गुणसूत्रांची चित्रे काढली की एक प्रश्न हमखास येतो : "सर, यातला एखादा तुकडा गळून पडला तर?" एका वर्षी हा प्रश्न विचारणारा मुलगा तास संपल्यावरही थांबला. सुट्टीत त्याने धाकट्या बहिणीच्या फाइलमध्ये '५पी लोप' हे शब्द वाचले होते. घरात आजी आईला बोल लावत होती : ग्रहणात बाहेर पडलीस, म्हणून असे झाले. त्या मुलाला खरे कारण हवे होते. त्याला जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या प्रत्येक पेशीत साधारणपणे ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात. जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून. प्रत्येक गुणसूत्राला एक आखूड आणि एक लांब भुजा असते. आखूड भुजेला 'पी' म्हणतात. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा टोकाकडचा तुकडा नाहीसा झाला, तर होणाऱ्या विकाराला 'क्री दु शा' म्हणतात. फ्रेंच भाषेत याचा अर्थ 'मांजराचे ओरडणे'. पॅरिसचे डॉक्टर जेरोम लेज्यून यांनी १९६३ मध्ये सहकाऱ्यांसह अशा तीन मुलांची नोंद प्रसिद्ध केली. या बाळांचे स्वरयंत्र वेगळ्या रीतीने घडलेले असते, त्यामुळे रडणे बारीक, उंच पट्टीतले, मांजराच्या पिल्लासारखे ऐकू येते. मूल मोठे होते तसा हा आवाज बहुधा बदलतो.

हा विकार दुर्मीळ आहे. साधारण १५ हजार ते ५० हजार जन्मांमागे एक बाळ, असा अंदाज दिला जातो. जन्मतः वजन कमी, डोके लहान, चेहरा गोल, डोळ्यांत अंतर जास्त, स्नायू सैल, दूध ओढायला आणि गिळायला त्रास, ही मुख्य लक्षणे. काहींना हृदयाचा दोषही असतो. पुढे चालणे, बोलणे आणि शिकणे उशिरा होते.

येथे तुम्ही विचाराल : जोडीतले दुसरे गुणसूत्र तर पूर्ण आहे, मग अडते कुठे? काही जनुकांचे काम एका प्रतीवर भागते. काहींना मात्र दोन्ही प्रती लागतात; एकच उरली तर प्रथिन निम्मेच तयार होते आणि मेंदूच्या वाढीला ते पुरत नाही. गळालेला तुकडा कुणात लहान, कुणात मोठा असतो. म्हणून एकाच नावाच्या विकाराची दोन मुले सारखी नसतात.

आता मुख्य प्रश्न, हे होते कशामुळे? शंभरातील ८० हून अधिक मुलांत हा लोप नव्याने घडतो. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना, अथवा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत गुणसूत्र तुटते. आईबापांची गुणसूत्रे पूर्ण असतात. ग्रहण, खाणेपिणे, धावपळ, यांचा त्याच्याशी संबंध नाही. आईला दोष देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : नव्याने घडलेला लोप बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर आढळतो. अर्थात तो वडिलांचाही दोष नव्हे.

उरलेल्या बहुतेक मुलांत आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत अदलाबदल झालेली असते. समजा, पाचव्या तुकडीतले काही जवान दुसऱ्या तुकडीत उभे आहेत आणि तिच्यातले काही पाचवीत. एकूण हजेरी पूर्ण भरते, म्हणून आईबाप निरोगी असतात. पण बाळाकडे यातली एकच तुकडी गेली, तर तिथे हजेरी कमी पडते. म्हणूनच बाळाचे निदान झाल्यावर आईबापांच्याही रक्ताची गुणसूत्र-तपासणी करतात. त्यावरून पुढच्या अपत्याबद्दल सल्ला देता येतो. बाळाचे निदान कॅरिओटाइप तपासणीने होते; फार लहान लोप मायक्रोॲरे तपासणीत सापडतो.

गळालेला तुकडा परत जोडण्याचे औषध नाही. मात्र करण्यासारखे बरेच आहे. फिजिओथेरपी, गिळण्याचे प्रशिक्षण आणि वाचा-उपचार पहिल्या वर्षापासून सुरू झाले तर मुलांची प्रगती चांगली होते. पुष्कळ मुले उशिरा का होईना, चालू लागतात. या मुलांना बोलता येते त्याहून जास्त समजते, म्हणून हातांच्या खुणा आणि चित्रे यांचा मोठा उपयोग होतो. आपल्या देशात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. लष्करी कुटुंबांतील विशेष मुलांसाठी अनेक छावण्यांत 'आशा' शाळा चालतात.

आणि भावंडांनी काय करावे? तिच्या वतीने आपण उत्तर देऊ नये. प्रश्न विचारावा, मग मनात वीसपर्यंत अंक मोजत थांबावे. खूण, नजर, हुंकार, जे येईल ते उत्तर मानावे. तिच्यासमोर तिच्याविषयी "हिला काही कळत नाही" असे कुणी म्हणाले, तर नम्रपणे पण स्पष्ट अडवावे.

त्या मुलाने हे सारे वहीत उतरवून घेतले. पुढच्या रविवारी घरी फोन लावला तेव्हा आईशी बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आता फोन आजीकडे दे."