अवरक्त डोळा उन्हात का फसतो?

हात पुढे करताच आपोआप सुरू होणारा नळ किंवा भिंत जवळ आली की वळणारी छोटी गाडी तुम्ही विज्ञान प्रदर्शनात पाहिली असेल. कदाचित स्वतः तयारही केली असेल. अशा उपकरणांची एक खोड असते. रात्री घरात ट्यूबलाइटखाली ती झकास चालतात. पण प्रदर्शनाच्या दिवशी मैदानावरच्या मांडवात उन्हाची तिरीप आली, की समोर कोणी नसतानाही नळ वाहू लागतो. तारा तपासल्या, सेल बदलले, तरी गुण येत नाही. कारण दोष तारांत नसून उन्हात असतो. ऊन आपल्याला बंद करता येत नाही, पण हिशेबातून वजा मात्र करता येते. ते कसे, हे आपण पाहू.

हा डोळा पाहतो कसा?

या डोळ्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे अवरक्त किरण सोडणारा एलईडी. त्याच्या किरणांची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. दुसरा भाग म्हणजे फोटोडायोड. त्यावर प्रकाश पडला, की प्रकाशाच्या प्रमाणात त्यातून अगदी थोडी विद्युतधारा वाहते. ही धारा एका रोधातून नेली, की रोधाच्या दोन टोकांमध्ये मोजता येण्याजोगे विभवांतर मिळते.

समोर हात आला, की एलईडीचे किरण त्यावर आपटून परत फिरतात आणि फोटोडायोडवर पडतात. विभवांतर वाढते. ते ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर गेले, की उपकरण समजते, ‘कोणीतरी आले!’

घोटाळा येथेच आहे. फोटोडायोडला प्रकाश किती पडला एवढेच कळते. तो कोठून आला हे कळत नाही. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यात तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तेथेही, तापमान चढलेले त्यांना आढळले. अवरक्त किरणांचा शोध लागला तो असा उन्हातच! सिलिकॉनचा फोटोडायोड दृश्य प्रकाशापासून सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण टिपतो. म्हणजे उन्हाचा बराच मोठा भाग त्याला दिसतो. तारेचा विजेचा दिवाही अवरक्त किरण भरपूर सोडतो. ट्यूबलाइट मात्र फार थोडे सोडते. म्हणून रात्री घरी सारे सुरळीत चालते.

पहिला उपाय : आडोसा

फोटोडायोडवर काळ्या कागदाची दोन-तीन सेंटिमीटर लांबीची नळी बसवा. बाजूचा प्रकाश अडेल आणि फक्त समोरचे दिसेल. एलईडी व फोटोडायोड यांच्यामध्येही काळा पडदा हवा, नाही तर एलईडीचे किरण परस्परच फोटोडायोडवर जातात. काही फोटोडायोड काळसर प्लॅस्टिकच्या आवरणात मिळतात. हे आवरण दृश्य प्रकाश अडवते व अवरक्त किरण आत सोडते.

९४० नॅनोमीटर ही निवडही सोयीची आहे. हवेतील पाण्याची वाफ याच तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषून घेते. त्यामुळे जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात ते तुलनेने कमी असतात. कमी असतात, पण नाहीसे होत नाहीत. म्हणून नुसता आडोसा पुरत नाही.

दुसरा उपाय : आधी धडा करा

दुकानात सुटे तेल घेताना दुकानदार काय करतो? रिकामे भांडे पारड्यात ठेवून आधी त्याचा धडा करतो आणि मग तेल ओततो. भांडे जड असो वा हलके, वजन तेलाचेच मिळते. आपणही उन्हाचा धडा करायचा. एलईडी बंद ठेवून विभवांतर मोजा. हे फक्त उन्हाचे. लगेच एलईडी लावून पुन्हा मोजा. हे उन्हाचे अधिक परावर्तित किरणांचे. दुसऱ्यातून पहिले वजा करा.

एक उदाहरण घेऊ. रोध १०० किलोओहमचा आणि विद्युतपुरवठा ५ व्होल्टचा आहे. हातावरून परतणाऱ्या किरणांमुळे ५ मायक्रोअँपिअर धारा वाहते असे समजा. खोलीतल्या प्रकाशाने २ मायक्रोअँपिअर धारा वाहत असेल, तर एलईडी बंद असताना ०.२ व्होल्ट आणि लावल्यावर ०.७ व्होल्ट मिळतील. खिडकीजवळ उजेडाची धारा ४० मायक्रोअँपिअर झाली, तर हेच आकडे ४.० व ४.५ व्होल्ट होतील. मर्यादा ०.५ व्होल्टची ठेवली असेल, तर खिडकीजवळ हात नसतानाही उपकरण फसणार. पण वजाबाकी पाहा : दोन्ही ठिकाणी ती ०.५ व्होल्टच आहे! आता ०.२५ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर ‘हात आहे’ असे ठरवा, की झाले.

हा धडा सकाळी एकदाच करून मात्र चालणार नाही. ढग येतात, ऊन सरकते, आणि पुढे आलेल्या हाताची सावलीही पडते. म्हणून प्रत्येक वेळी नवा धडा हवा.

भांडेच भरून वाहू लागले तर?

आता उपकरण भर उन्हात ठेवा. समजा, उन्हाची धारा ३०० मायक्रोअँपिअर झाली. १०० किलोओहमच्या रोधावर ३० व्होल्ट मिळायला हवेत; पण पुरवठाच ५ व्होल्टचा! विभवांतर ५ व्होल्टजवळ अडकून बसते. एलईडी लावा वा बंद करा, आकडा तोच. वजाबाकी शून्य. भरलेल्या हंड्यात आणखी तांब्याभर पाणी ओतले तरी पातळी वाढत नाही, तसाच हा प्रकार.

यावर तोड म्हणजे रोध कमी करणे. १० किलोओहमचा रोध घेतला, तर ऊन ३.०० व्होल्ट आणि हातासह ३.०५ व्होल्ट मिळतील. फरक आता फक्त ०.०५ व्होल्ट उरला. आर्डुइनो उनो हा फळा ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक भाग सुमारे ०.००५ व्होल्टचा. आपला फरक जेमतेम १० भागांचा झाला. म्हणून एकाच वजाबाकीवर विसंबू नका. अनेक वजाबाक्यांची सरासरी घ्या. उन्हात टिकायचे तर संवेदनक्षमता थोडी गमवावी लागते, हे येथे नीट ध्यानात घ्या.

लुकलुकणारे दिवे

आपल्याकडील घरगुती वीज ५० हर्ट्झची असते. त्यामुळे तारेच्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. धडा केला तेव्हा प्रकाश कमी आणि मोजताना जास्त असेल, तर वजाबाकी चुकेल. यासाठी बंद, चालू, बंद अशी तीन मापे झटपट, एक-दोन मिलिसेकंदांत घ्या. दोन्ही ‘बंद’ मापांची सरासरी ‘चालू’ मापातून वजा करा. मधल्या काळात प्रकाश एकसारखा वाढत वा घटत असेल, तर ती चूक आपोआप निघून जाते.

टीव्हीचा रिमोटही याच वाटेने पुढे जातो. जत्रेतल्या झगमगाटात मित्राची विजेरी ओळखायची असेल, तर त्याने ती ठरलेल्या लयीत लुकलुकवावी. रिमोटचा एलईडी बहुधा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि टीव्हीतला ग्राहक तेवढीच लय वेचून घेतो. ऊन लुकलुकत नाही आणि दिव्याची लय फारच संथ असते. म्हणून ती दोन्ही बाजूला पडतात.

करून पाहा

साहित्य : अवरक्त एलईडी, फोटोडायोड, २२० ओहम, १० किलोओहम व १०० किलोओहमचे रोध, आर्डुइनो फळा.

कृती : एलईडी २२० ओहमच्या रोधातून फळ्याच्या एका अंकीय टोकाला जोडा. फोटोडायोड उलट दिशेने, म्हणजे त्याचा ऋण पाय ५ व्होल्टकडे करून जोडा. दुसरा पाय मापनाच्या टोकाला आणि तेथून रोधामार्गे भूटोकाला न्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास एलईडी बहुधा जांभळट चमकताना दिसेल. खोली, खिडकी आणि अंगण अशा तीन ठिकाणी, दोन्ही रोध वापरून, हातासह व हाताशिवाय मापे घ्या. प्रत्येक वेळी ‘बंद’, ‘चालू’ व ‘फरक’ अशा तीन रकाने असलेल्या तक्त्यात ती लिहा.

विचार करा

१. अंगणात १०० किलोओहमच्या रोधाने फरक किती आला? का?

२. हाताऐवजी काळे कापड धरले तर फरक किती येतो? वेगवेगळ्या काळ्या कापडांचा सारखाच येतो का?

३. काळी नळी बसवल्यावर ‘बंद’ मापात जास्त घट होते की ‘फरका’त?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच तक्त्यातून शोधा. आडोसा आणि धडा ही दोन्ही एकत्र का हवीत, हे तेथे आपोआप कळेल.