लाल फ्यूज

बाळू,

काल ताईचा फोन आला. पिकअपचा पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडतो म्हणून तू दहा अँपिअरचा काढून तीसचा बसवलास, हे ती सहज बोलून गेली. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

आधी तो हिरवा फ्यूज काढ आणि लाल, दहाचाच लाव. फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरलेला असतो. शॉर्ट झाला की काहीतरी जळणारच. ते फ्यूजच असावं म्हणून तो तिथं आहे. तीसचा टाकलास तर जळेल ती डॅशबोर्डमागची वायर. शिकाऊ असताना मी फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून एक गाडी घाटात धाडली होती. ती टोचन करून परत आली. सगळं वायरिंग वितळून एकमेकांना चिकटलं होतं. ड्रायव्हर वेळेत खाली उतरला म्हणून वाचला. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

ताई आणखी एक म्हणाली, टोमॅटो भरल्यावरच फ्यूज उडतो. बाळू, बिघाडाचा पत्ता यातच आहे: ओझ्यानं वायर कुठंतरी पत्र्याला टेकत असणार. तेव्हा तपासणी गाडी भरलेली असतानाच कर. पार्किंगचे पुढचे-मागचे आणि नंबरप्लेटचा बल्ब काढ. फ्यूज उपसून त्याच्या दोन खाचांत 21 वॅटच्या बल्बच्या वायरी लाव, स्विच चालू कर. बल्ब मंद पेटला तर तो मीटरच्या बल्बांचा करंट, त्याची काळजी नको. लख्ख पेटला तर शॉर्ट. करंट दोन अँपिअरच्या आतच राहतो, वायर तापत नाही. मग वायरिंग हलवत मागं सरक. बल्ब जिथं लुकलुकेल तिथं थांब.

मी असतो तर आधी हौद्याखाली शिरलो असतो. टेललाइटची वायर चासीच्या भोकातून जाते, तिथलं रबर वाळून गळतं आणि पत्र्याची कड आवरण कापत राहते. चिखल बोटानं खरवड. हिरवट पडलेलं तांबं दिसेल. बॅटरीची निगेटिव्ह सोडूनच हात घाल. जोड डाखून वर स्लीव्ह चढव, भोकात नवं रबर बसव. नुसती टेप एक पावसाळाही टिकत नाही.

शनिवारपर्यंत जागा सापडली नाही, तर गाडी माझ्याकडे आण. दिवसाउजेडी ये, आणि माल उतरवू नकोस.

तुझा मामा