इंजिन शेवटी घे

चि. सोन्या यास,


तू पाठवलेला व्हिडिओ चारदा पाहिला. युरो ट्रक सिम्युलेटर या खेळात साठ टनांचा माल घेऊन इन्सब्रुककडे निघालास आणि चढावर गाडी अडली. मागची चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. खाली तू लिहिलंयस, "मामा, 750 हॉर्सपॉवर असून ओढत नाही!" अरे, तू पैसे आधी इंजिनावर घातलेस, मग रंगावर, मग छतावरच्या दिव्यांवर. चेसिस राहिली ती जुनीच, सहा बाय दोनची. तीन एक्सलपैकी एकच ओढणार असेल, तर इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत पोचायचा कसा?

आता आठ बाय चारची घे. तिच्यात दोन एक्सल ओढतात आणि जास्तीचा एक्सल वजन वाटून घेतो. ती महाग आहे, वळायलाही जड आहे. तरी तीच घे.

मग गिअरबॉक्सकडे ये. यादीत गिअरबॉक्सबरोबर डिफरन्शियलचा आकडा असतो, तो तू वाचतच नाहीस. 2.6 म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे 2.6 फेरे झाले की चाकाचा एक फेरा. हाच आकडा चारच्या आसपास असेल तर गाडी पळत नाही, पण ओढते. तुला पळायचंय कुठे? स्पेशल ट्रान्सपोर्टच्या फेरीत पुढे-मागे पायलट गाड्या असतात, रस्ता ठरलेला असतो, आणि लवाजमा चालेल त्याच चालीनं जायचं असतं. 2017 च्या डिसेंबरात हा भाग खेळात आला तेव्हापासून त्यात 70 टनांपर्यंतचे माल आहेत. तिथे वेगाचं इंजिन काय कामाचं?

आणि रिटार्डर, म्हणजे उतारावर ब्रेक न दाबता गाडीचा वेग रोखणारी यंत्रणा. याबद्दल मी हट्टानं सांगणार आहे. का, ते ऐक.

कसारा घाट उतरत होतो. नाशिककडून न्हावाशेव्याला ट्रान्सफॉर्मर चालला होता, रात्री दोनचा सुमार. क्लीनर मागच्या चाकांच्या बाजूनं पायी चालत होता, खांद्यावर लाकडी ठोकळा. वर असतानाच खालचा गिअर टाकायला हवा होता. मी एक गिअर वर ठेवला आणि ब्रेकवर भरवसा टाकला. दाब, सोड, दाब, सोड. तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेकच्या हवेचा काटा लाल पट्टीजवळ आला आणि केबिनमध्ये बझर सुरू झाला. मी ओरडलो. पोरानं धावत जाऊन ठोकळा चाकाखाली सारला. लाकूड करकरलं, दबलं आणि गाडी थांबली. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. त्याचं बोट चाकाखाली आलं असतं तर मी त्याच्या आईला काय सांगितलं असतं?

तुझ्या खेळात क्लीनर नाही. पण सेटिंगमध्ये एअर ब्रेक खराखुरा करता येतो. तो तसा कर. मग सारखा ब्रेक दाबलास की हवा कमी होते हे तुलाही दिसेल. उताराच्या वरच गिअर उतरव, रिटार्डर लाव आणि ब्रेक राखून ठेव.

दिव्यांना माझी ना नाही, पण ते तुझ्या हौसेसाठी लावू नकोस. पिवळा फिरता दिवा समोरून येणाऱ्यासाठी असतो: माझ्या मागे रुंद काही आहे, तू थांब. म्हणून माल उतरला की तो बंद कर. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत रिकाम्या गाडीवर 'ओव्हरसाइझ लोड'ची पिवळी पाटी उघडी ठेवायला मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. दिवा उगाच फिरत राहिला तर लोक त्याला मानेनासे होतात. आम्ही तर दिव्याइतकेच बांबूवर जगलो. गाव आलं की एक जण मालावर उभा राहून बांबूनं विजेच्या तारा उचलायचा आणि खालून गाडी इंच इंच सरकायची.

2019 च्या जुलैत महाराष्ट्रातून तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवायची अवजड भट्टी, निघाला होता. गाडी 74 चाकांची होती. पोचायला वर्ष लागलं. माझ्या ओळखीतला जो तो विचारायचा, पुलर, म्हणजे ओढणारी गाडी, कोणती होती? मी म्हणायचो, झाडं किती छाटली, तारा किती वेळा उतरवल्या, ते विचारा. तुझ्या खेळात तारा उचलाव्या लागत नाहीत, पण गोल चौकात ट्रेलरचं शेपूट कुठून जाईल हे तुलाच बघावं लागतं. म्हणून उरलेले पैसे रंगावर न घालता चांगल्या आरशांवर घाल. वळण्याआधी दोन्हीकडे बघ, आणि वळताना मागच्या चाकावरची नजर काढू नकोस.

इंजिन सगळ्यात शेवटी घे. एवढं सगळं जुळलं की तुझं आहे तेच पुरेल असं मला वाटतं.

ताईला सांग, मे महिन्यात तुला इकडे धाडून दे. खेळाचं स्टिअरिंग पिशवीत घालून आण. तोवर इन्सब्रुकचा तोच माल पुन्हा उचल. या खेपेला उतरतानाचा व्हिडिओ पाठव, आणि कॅमेरा केबिनच्या आतला ठेव. मला हवेचा काटा बघायचाय.

तुझा,
मामा