बिनतारी संच व मोबाईल यांचा सांधा

कल्याणच्या पुढें मेलगाडी खोळंबली कीं डब्यांतील प्रत्येक उतारू खिशांतून मोबाईल काढतो. गार्ड मात्र वॉकी-टॉकी तोंडाशीं नेतो. एकाच गाडींत दोन पिढ्यांचीं साधनें! त्यांचें परस्परांशीं बोलणें कसें जुळवावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

मोबाईलला मध्यें मनोरा हवाच. दोघे मित्र शेजारीं उभे असले तरी त्यांचा आवाज मनोऱ्यावरून फिरून येतो. वॉकी-टॉकीवर एकानें कळ दाबून बोलावें व त्या वाहिनीवरील सर्वांनीं तत्काळ ऐकावें. जवळच्या जवळ मनोऱ्यावांचून चालतें. मात्र हा आवाज थोड्या मैलांपलीकडे जात नाहीं.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई-ठाण्याकडील अनेक भागांत वीज गेली व मोबाईल मुके झाले. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली, तेव्हां सुमारें १,०५० उतारूंस बाहेर काढण्यास रेल्वे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल अशीं अनेक दलें झटलीं. अशा प्रसंगीं एकाचा संच दुसऱ्यास ऐकूं येत नसेल तर केवढा घोटाळा होईल!

यासाठीं मध्यें एक दुभाषा बसवितात. त्यास गेटवे म्हणतात. जुन्या वाहिनीवर लावलेला संच आवाज ऐकतो. गेटवे त्या आवाजाचे अंक करून, त्यांचीं लहान लहान पुडकीं बांधून मोबाईलच्या जाळ्यांत सोडतो, आणि तिकडून आलेलीं पुडकीं सोडून पुन्हां आवाज करतो. खरी अडचण कळीची आहे. मोबाईलवर दोघे एकदम बोलूं शकतात, वॉकी-टॉकीवर नाहीं. म्हणून पाळी लावणारा पंच यंत्रांतच असावा लागतो. शिवाय यंत्र जागें होईपर्यंत पहिला शब्द गिळला जाण्याचा संभव असतो. ‘मागें जा’ याचें नुसतें ‘जा’ झालें तर?

मोबाईलवर गटानें कळ दाबून बोलण्याचे नियम थ्री-जी-पी-पी या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१६ सालीं ठरविले. जुन्या पद्धतींशीं सांधा जुळविण्याचे नियम त्यामागून आले. जून २०२१ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें रेल्वेस ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ५ मेगाहर्ट्झ देण्यास मान्यता दिली. चालक, गार्ड, स्टेशन मास्तर व नियंत्रण कक्ष यांनीं अखंड बोलावें, हा त्यांतील एक हेतु.

तेव्हां जुने संच मोडींत काढा, असें म्हणणारे भेटतात. आम्हांस तें मान्य नाहीं. मनोऱ्याची बॅटरी कांहीं तासांत संपते, आणि दुभाषा मेला म्हणून दोन्हीं पक्षांचीं तोंडें बंद पडूं नयेत. पुराच्या पाण्यांत नावेवरील दोघांस थेट बोलतां आलेंच पाहिजे.

ज्यांच्या घरीं खेळण्यांतील वॉकी-टॉकी असेल त्यांनीं कळ दाबतांच ‘मागें जा’ म्हणून पाहावें. मग कळ दाबून, मनांत ‘एक’ मोजून, तेंच म्हणावें. दोन्हीं वेळीं समोरच्यानें काय ऐकलें तें वहींत टिपून ठेवावें.