घूं कुठला, शिट्टी कुठली

अँप चालू केलास की लगेच गिटार छेडू नकोस, पोरा. तारांवर पंजा ठेव, डिस्टॉर्शन चालू कर, आवाज वाढव आणि नुसतं ऐक. मिरजेतले तानपुऱ्याचे कारागीर जवारी काढताना घोडीवर कानस थोडी चालवतात, ऐकतात जास्त. हे काम तसंच आहे. पैसे घालून फिल्टर आणण्याआधी खरखर कुठून शिरते ते कळायला हवं, आणि ते कानच सांगतो. माझ्या उस्तादांनी मला हे आधी शिकवलं, सोल्डरिंग नंतर.

खर्जातला एकसारखा घूं असेल तर सगळ्यांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून वाजव. तो सूर ९८ हर्ट्झचा. घूं त्याहून किंचित चढा लागला तर तो १०० हर्ट्झ, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा दुप्पट. बहुतेक वेळा रेक्टिफायरनंतरचा कंडेन्सर थकलेला असतो. घूं त्याच्या एक सप्तक खाली असेल तर तो सरळ ५० हर्ट्झ. तो जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून पिकअपमध्ये तरी शिरतो, नाहीतर अर्थच्या वायरींचा कुठेतरी वेढा झालेला असतो. गिटार गळ्यात ठेवून जागच्या जागी गोल फिर. घूं कमीजास्त झाला की समज, पिकअपच पकडतोय. मग अडॉप्टर बदलून काही होणार नाही. दोन पावलं सरकून उभा राहा, काम झालं.

बारीक शिट्टी किंवा किर्र मात्र निराळी. ती बहुधा नव्या स्विचिंग अडॉप्टरची. आमच्या वेळचा एलिमिनेटर हाताला जड लागायचा, कारण आत लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर असायचा. नवा अडॉप्टर हलका असतो, कारण तो २३० व्होल्टची वीज आधी सरळ डीसी करतो, म्हणजे ३२५ व्होल्टच्या आसपास, आणि ती सेकंदाला पन्नास हजार, लाखभर वेळा तोडून फेराइटच्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला देतो. माणसाचा कान वीस हजाराच्या वर ऐकत नाही, मग ही शिट्टी ऐकू का येते, हे नीट समजून घे. साधं डिस्टॉर्शन पेडल पाच-दहा मिलीअँपिअर खातं. दोन अँपिअरच्या अडॉप्टरला एवढा भार म्हणजे काहीच नाही. मग तो सलग न चालता थांबून थांबून, झटक्याने चालतो, आणि त्या झटक्यांचा वेग थेट कानाच्या टप्प्यात येतो. म्हणून जास्त अँपिअरचा अडॉप्टर शांतच असेल असं धरून चालू नकोस. डिले पेडलची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या आत स्वतःचं क्लॉक असतं. ते आणि अडॉप्टर, दोघंही कानाच्या पलीकडे चालतात, पण दोघांमधला फरक कानात येऊन बसतो. डिलेचा टाइम नॉब फिरवून बघ. शिट्टीचा सूर नॉबबरोबर सरकला तर दुसरा पुरावा नको.

आता खरा कानमंत्र. खिशात नऊ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी कायम ठेव. संशय आला की अडॉप्टर काढ आणि ते पेडल बॅटरीवर चालव. आवाज गेला तर दोष पुरवठ्याचा, राहिला तर पेडलचा, केबलचा किंवा गिटारचा. ज्या पेडलमध्ये बॅटरीची जागा नाही ते साखळीतून पूर्ण बाहेर काढून ऐक. एका वेळी एकच गोष्ट बदल. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा आवाज जातो, पण कशाने गेला ते त्याला कधीच कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात आवाज पुन्हा येतो.

एका अडॉप्टरवर पाच पेडल जोडणारी वायर स्वस्त मिळते. साध्या अ‍ॅनालॉग पेडलांना ती चालते. पण डिजिटल पेडल त्याच माळेत आलं की त्याचा कचरा समाईक ग्राउंडवरून सगळ्यांत पसरतो. त्याला वेगळा अडॉप्टर दे, किंवा जिथे प्रत्येक आउटपुट खरोखर वेगळा आहे असा पुरवठा घे. जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझमध्ये कधी कधी प्लस ग्राउंडला असतो. तो या माळेत जोडलास तर सरळ शॉर्ट. पिनही बघून घे. पेडलला बहुधा नऊ व्होल्ट आणि आतली पिन मायनस लागते. घरातल्या राउटरचा किंवा कॅमेऱ्याचा अडॉप्टर बहुधा बारा व्होल्टचा आणि आत प्लस असतो, आणि दुर्दैवाने प्लग तस्साच बसतो. लावण्याआधी मल्टिमीटर लाव. दर वेळी लाव.

कमी करंटच्या पेडलची शिट्टी मारायला दोन-पाच रुपयांचा माल पुरतो: प्लसच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर, आणि त्यानंतर प्लस-मायनसमध्ये १०० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कंडेन्सर. १६ हर्ट्झच्या वरचं सगळं त्यात उतरत जातं. पेडल दहा मिलीअँपिअर खात असेल तर एक व्होल्ट कमी होईल, तेवढं चालतं. दोनशे मिलीअँपिअर खाणाऱ्या डिजिटल पेडलला मात्र हा उपाय करू नकोस, त्याला व्होल्टेजच उरणार नाही.

आपल्या माधवनगरात आणखी एक गोष्ट आहे, यंत्रमाग. मागाच्या मोटारी चालू-बंद होताना लायनीत टकटक येते आणि ती तुझ्या अँपपर्यंत पोहोचते. माग बंद असतात त्या दिवशी त्याच जागी, त्याच सेटिंगवर पुन्हा ऐक. फरक पडला तर तुझ्या पेडलांना बोल लावू नकोस, घरचं अर्थिंग बघ. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलव. दोन पिनांच्या स्विचिंग अडॉप्टरमधून आतल्या छोट्या कंडेन्सरवाटे थोडी वीज गळत असते. तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात त्या त्याच्याच. अँपचं अर्थिंग नीट असेल तर ती तिकडे निघून जाते. म्हणून घूं घालवायला अँपची तिसरी पिन काढून टाक असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, तो कितीही मोठा वादक असो. ओठ माइकला आणि हात तारांवर असताना त्याची किंमत जीव असू शकते. वेढा तोडायचाच असेल तर सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाल.

बेंजो पार्टीतल्या पोरांनाही मी हेच सांगतो. त्यांच्या बेंजोलाही पोलादी तारा आणि चुंबकी पिकअप, म्हणजे दुखणं तेच. टेम्पोवर जनरेटर असतो, जमिनीशी संबंध नसतो. तिथे बेंजो, पॅड, मिक्सर, अँप सगळं एकाच बोर्डावरून घ्यायचं, आणि लाइटची वायर ऑडिओच्या वायरीला समांतर न्यायची नाही. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडायची.

जुना अडॉप्टर पूर्वी शांत होता आणि आता किरकिरतो, तर आतला आउटपुटचा कंडेन्सर फुगलेला असण्याची शक्यता मोठी. बदलताना १०५ डिग्रीचा, लो ईएसआर बघून घे. पण उघडण्याआधी प्लग काढ, आणि तरीही मोठ्या कंडेन्सरमध्ये ३२५ व्होल्ट उरलेले असू शकतात हे लक्षात ठेव. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची नाही. दहा किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर चिमट्याच्या वायरीने लावून रिकामा कर आणि मीटरने खात्री कर. दुरुस्तीनंतर पहिला प्लग सिरीज बोर्डावर, ६० वॉटच्या बल्बमधून. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, प्लग काढ आणि पुन्हा पहिल्यापासून बघ.