चित्र विकत घेताना आपण का बिचकतो?



'आपलं घर' या पाठासाठी मुलांनी घरातल्या वस्तूंची मराठी नावं लिहून आणली. उशी, कपाट, पायपुसणं, देव्हारा, सगळं छान. "भिंतीवर काय आहे?" याचं उत्तर मात्र बहुतेकांचं सारखंच होतं: घड्याळ, कॅलेंडर, टीव्ही. चित्र लिहिणारी मुलं फार थोडी. म्हणून या वेळचा पाठ चित्राबद्दल, आणि तो मुलांइतकाच मोठ्यांसाठीही आहे.

टीव्ही घ्यायचा तर आपण आठवडाभर माहिती काढतो आणि हजार डॉलर देऊन मोकळे होतो. जत्रेतल्या एखाद्या चित्रकाराच्या टेबलावरचं ऐंशी डॉलरचं चित्र आवडलं, तर पाय अडखळतात. "आपल्याला त्यातलं काय कळतं?" "फसवलं तर?" "भिंतीला भोक पडेल." शेवटचं कारण खास आपलं: "कधीतरी परत जायचंच आहे, कशाला पसारा वाढवा?" असं म्हणता म्हणता मुलं कॉलेजला जातात आणि भिंती पांढऱ्याच राहतात.

मला वाटतं, या बिचकण्याचं मूळ शाळेत आहे. आमच्या पिढीला चित्रकला भेटली ती एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांत. चित्र म्हणजे पास किंवा नापास. मग चित्रासमोर उभं राहिलं की अजूनही कुणीतरी आपली परीक्षा घेतंय असं वाटतं. मी इंजिनिअर. मला तर चित्रात आधी मोजमापच दिसतं.

पण आपल्या पणजोबांच्या घरी चित्रं होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं साध्यासुध्या घरांत पोहोचली. ती कुणीतरी पैसे देऊनच आणली होती ना? आणणाऱ्याने "मला कलेतलं कळतं का?" असं स्वतःला विचारलं असेल असं वाटत नाही. सरस्वती आवडली, काच-चौकट करून लावली.

आता गोष्ट न्यूयॉर्कची, म्हणजे आपल्या शेजारची. हर्बर्ट व्होगेल टपाल खात्यात पत्रांची छाननी करत. त्यांचं शालेय शिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं. पत्नी डोरोथी ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. १९६२ मध्ये त्यांचं लग्न झालं. सुरुवातीला दोघंही स्वतः चित्रं काढत. पुढे त्यांनी ती भिंतीवरून उतरवली आणि दुसऱ्यांची लावायला सुरुवात केली. व्यवस्था सरळ होती: डोरोथींच्या पगारात घर चालवायचं, हर्बर्टच्या पगारात चित्रं घ्यायची. नियमही साधे. वस्तू परवडली पाहिजे, सबवेतून किंवा टॅक्सीतून घरी नेता आली पाहिजे आणि मॅनहॅटनमधल्या त्यांच्या एका बेडरूमच्या घरात मावली पाहिजे. पैसे एकदम नसले तर ते हप्त्याने देत. ख्रिस्टो नावाचा प्रसिद्ध कलाकार पत्नीसह कोलोरॅडोत एका दरीवर प्रचंड पडदा टांगायच्या कामाला गेला, तेव्हा व्होगेल पती-पत्नींनी त्यांचं मांजर सांभाळलं. मोबदल्यात त्यांना ख्रिस्टोचं एक चित्र मिळालं! मांजराचं नाव ग्लॅडस्टन.

असं करत त्यांच्याकडे चार हजारांहून जास्त कलाकृती जमल्या. भिंती भरल्या, पलंगाखालची जागाही भरली. १९९२ मध्ये त्यांनी संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे सोपवायचं ठरवलं, तेव्हा तो हलवायला पाच मोठे ट्रक लागले. २००८ मध्ये एक योजना जाहीर झाली: पन्नास राज्यांतल्या एकेका संग्रहालयाला पन्नास कलाकृती द्यायच्या. न्यू जर्सीचा वाटा माँटक्लेअरच्या संग्रहालयाला मिळाला. विकली असती तर श्रीमंत झाली असती ही माणसं, पण त्यांनी विकायला घेतलंच नव्हतं.

इथे पालक विचारतील, "पण किमती बघा ना!" मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' १ कोटी ३७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. हे हुसेन आपल्या पंढरपूरचे, तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. पण अशा बातम्यांनीच घोटाळा होतो. चित्र म्हणजे गुंतवणूक असं वाटू लागतं, आणि गुंतवणूक म्हटली की तज्ज्ञ हवा. घरासाठी चित्र घेताना उद्या त्याची किंमत शून्य होईल असं धरून चाला. तरीही ते रोज बघायला आवडेल का? आवडेल तर घ्या. नाहीतर राहू द्या, चित्रकार रागावत नाही.

फसण्याच्या भीतीवर उपाय म्हणजे थोडी माहिती. चित्र हाताने केलेलं की यंत्राने छापलेलं, हे भिंगातून पाहा. साध्या रंगीत छपाईत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. लिनोवर किंवा लाकडावर कोरून हाताने घेतलेल्या ठशात ती नसते. अशा ठशाखाली पेन्सिलीने १२/५० असं लिहिलेलं असेल, तर तो अपूर्णांक नव्हे! एकूण पन्नास प्रतींतली ही बारावी. मूळ चित्रापेक्षा असे ठसे पुष्कळ स्वस्त पडतात, आणि कला महाविद्यालयांच्या विक्रीत विद्यार्थ्यांची कामं तर आणखी स्वस्त. गॅलरीत चित्राखाली किंमत नसली तर टेबलावर यादी मागावी. मागितली म्हणून घ्यावंच लागतं असं नाही. चित्राशेजारी लाल टिकली असेल, तर ते विकलं गेलं आहे.

सुट्टीत भारतात गेलात तर मुंबईत जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात, त्यांच्याशी बोला. मुलांना बोलू द्या. मराठीचा तासही होईल. वारली चित्र घ्यायचं तर ते कुणी काढलं हे आवर्जून विचारा. डहाणू भागात ही चित्रं लग्नात झोपडीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढत, आणि तो मान सुवासिनींचा होता. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदा-कापडावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कापडावरचं चित्र गुंडाळून नळीत घालता येतं, बॅगेत मावतं. एक सावधगिरी मात्र हवी. गावच्या माळ्यावर जुनं रविवर्म्याचं चित्र सापडलं तरी ते इकडे आणायचा मोह नको. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीने भारताबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.

राहिला खिळा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात. आपल्याकडे तो बहुधा छताजवळ जातो. आधी चित्राच्या मापाचं वर्तमानपत्र कापून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस बघा. थेट ऊन नको, रंग उडतात. चौकट करताना चित्रामागे साधा पुठ्ठा नको, त्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. आम्लरहित पुठ्ठा मागून घ्या. कधीकधी चित्रापेक्षा चौकटच महाग पडते, ती तयारी ठेवा. भाड्याच्या घरात पडलेलं भोक एक डबी लांबी भरून बुजतं.

शब्दार्थ
बिचकणे – पुढे जायला घाबरणे
ठसा – कोरलेल्या लाकडाला शाई लावून कागदावर उमटवलेले चित्र
गेरू – लालसर माती
लांबी – भोक बुजवायचा मऊ लगदा

स्वाध्याय
१. व्होगेल पती-पत्नींचे तीन नियम तुमच्या शब्दांत लिहा. तुमच्या घरासाठी चौथा कोणता कराल?
२. १२/५० म्हणजे काय?
३. (पालकांसह) एखादं प्रदर्शन पाहा. प्रत्येकाने आपल्याला हवं असलेलं एकच चित्र न बोलता निवडावं, मग "मला हे का आवडलं" यावर पाच मराठी वाक्यं बोलावीत. आईबाबांनीसुद्धा. "छान आहे" हे वाक्य धरलं जाणार नाही.